बारापर्यंत मोजायचं

माझा नवरा मासे खात नाही. पुण्याचा आहे, घरात अंडं उकडलं तरी उठून खिडक्या उघडतो. आमच्या फ्रीजमध्ये माशांचा डबा सगळ्यात खालच्या कप्प्यात असतो, झाकणावर प्लॅस्टिकची पिशवी, आणि त्याच्या दह्यापासून जमेल तितका लांब. तरीही आमच्या अख्ख्या भावकीत, खाडीकाठच्या गावापासून थेट ठाण्यापर्यंत, ऑस्ट्रेलियात मोठाले मासे धरणारा जावई म्हणून तो प्रसिद्ध आहे. हा पराक्रम त्याच्या पदरात कसा पडला ते मला सांगायचंय. राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

बाबा तहसील कचेरीत कारकून होते. रविवार आला की भरतीची वेळ बघून ते खाडीवर गरवायला जायचे, म्हणजे गरी टाकून मासे धरायला. बरोबर माझा मोठा भाऊ. दादाला त्या प्रकाराचा मनस्वी कंटाळा. त्याला होडीत बसलं की मळमळायचं आणि बांधावर बसलं की झोप यायची. मी मात्र आदल्या रात्रीपासून मागे लागलेली असायचे. शेवटी आई वैतागून म्हणायची, न्या हो तिलापण, आणि मग मला न्यायचे. कोळंबी सोलायला.

खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घातलेला असतो, त्या बांधाला दारं असतात, त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. त्या उघाडीजवळ बसून मी आमिषाच्या कोळंब्या सोलायच्या आणि दादाच्या हातात द्यायच्या. गरीपासून चार हात लांब बसायचं. बाईमाणसानं गरी ओलांडली की त्या दिवशी मासा लागत नाही, हे बाबांचं ठाम मत. मी सात वर्षांची होते. बाईमाणूस कसली डोंबलाची.

एकदा चुकून ओलांडली. कोळंबीची वाटी घेऊन उठले, पाय पडला तो गरीच्या पलीकडे. आणि त्या दिवशी खरंच काही लागलं नाही. घरी आल्यावर आईनं रिकामी पिशवी बघितली, तर बाबा एवढंच म्हणाले, "हिनं ओलांडली." दुपारी सगळ्यांनी डाळभात खाल्ला आणि खाताना सगळ्यांनी आळीपाळीनं माझ्याकडे बघितलं. त्यानंतर आमच्या घरात कधीही मासा मिळाला नाही, की चौकशी माझ्यापासून सुरू व्हायची. मी घरी झोपलेली असले तरी.

बारा-तेरा वर्षं बाबा दादाला शिकवत होते. गळ कसा बांधायचा, ओढ कधी द्यायची, भरतीला कुठे बसायचं, ओहोटीला कुठे. दादा काही शिकला नाही. मी चार हातांवरून सगळं शिकले, पण हातात गरी कधी आली नाही. लहानपणापासून मला बाबांकडून एकच वाक्य हवं होतं: बाय, मासा तू धरलास. बाय म्हणजे मी, आमच्याकडे मुलीला लाडानं तसंच म्हणतात. लाड होते, नव्हते असं नाही. वाक्य तेवढं नव्हतं.

पुढे मी इंजिनीअर झाले, मास्टर्सला इथे वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत आले, नोकरी लागली, लग्न झालं, केलीव्हिल नावाच्या उपनगरात घर झालं. आणि पहिल्यांदा चार पैसे बाजूला पडल्यावर मी काय घेतलं असेल, तर एक जुनी टिनी. टिनी म्हणजे इथली ॲल्युमिनियमची लहान होडी. नवरा म्हणाला, लोक दागिने घेतात. मी म्हटलं, लोकांना घेऊ दे.

घरापासून तीन तासांवर एक मोठं धरण आहे. तिथे मी वर्षभर जाऊन रिकाम्या हातानं परत आले. कारण मी खाडीसारखी गरवत होते: काठाला धरून, तळाशी. बाबा दादाला तेच सांगायचे, मासा काठाला असतो नाहीतर तळाला. एका सकाळी होडी पाण्यात सोडायच्या उतारावर एक गोरी म्हातारी भेटली. तिनं माझ्या साउंडरच्या पडद्यावर नजर टाकली, म्हणजे पाण्याखाली काय आहे ते दाखवणाऱ्या यंत्रावर, आणि म्हणाली, "यू आर फिशिंग अंडर देम, लव्ह." बाई, तू त्यांच्या खालून चालली आहेस.

तेव्हा मला कळलं. थंडी सुरू झाली की इथला बास नावाचा मासा काठ सोडून धरणाच्या मधोमध जातो. पाणी सोळा मीटर खोल असलं तर हा सात मीटरवर थव्यानं उभा. ना वर येत, ना तळाला जात. पडद्यावर त्यांच्या छोट्या कमानी दिसतात, मधल्यामध्ये लटकलेल्या. आणि तो खाली बघत नाही. त्याच्या डोक्यावरून काही गेलं तर वर झेपावतो, खालून सोन्याचा गळ नेला तरी ढुंकून बघत नाही. म्हणून शिशाचं डोकं असलेली रबरी मासोळी पाण्यात सोडायची आणि ती बुडताना मनात आकडे मोजायचे. एका आकड्याला साधारण अर्धा मीटर. मासे सातवर असतील तर बारापर्यंत मोजायचं, म्हणजे सहावर थांबतो आपण, त्यांच्या थोडं वर. मग हळू रीळ फिरवायचं. मोजणं चुकलं की सगळंच चुकलं.

मी मोजते मराठीत. ऑफिसात दिवसभर इंग्रजी, पण इंग्रजीत मोजलं तर मासा लागत नाही असं मला वाटतं. बाबांना नावं ठेवायची सोय नाही.

आई गेल्यानंतर दोन वर्षांनी बाबा पहिल्यांदा इथे आले, तीन महिन्यांसाठी. एप्रिल सगळा त्यांनी सोफ्यावर काढला. सुपरमार्केटातले मासे बघून म्हणायचे, "हे मेले कधी, आपल्याला कळायचं कसं." मी मनात एकच बेत धरून होते. मे महिना उजाडला, इथल्या उलट्या ऋतूंप्रमाणे थंडी पडली, मासे मध्यावर गेले असणार. मी धरणाजवळची एक केबिन बुक केली आणि तिघं निघालो. नवरा का आला? जावई घरी बसला तर बाबांना बरं वाटणार नाही, म्हणून. भला माणूस आहे. नेमकं तेच नडलं.

सकाळी पाण्यावर धुकं होतं. बाबा माकडटोपी, स्वेटर आणि त्यावर नारिंगी लाइफ जॅकेट घालून मधल्या फळीवर बसले. नवरा मागे, मांडीवर चहाचा थर्मास, हातात रेंज नसलेला फोन. मी पुढे. मधोमध गेल्यावर मोठं इंजिन बंद केलं, होडी जागच्या जागी धरणारी छोटी मोटर चालू केली, आणि पडद्यावर त्या कमानी आल्या.  

"बाबा, हे बघा. सात मीटरवर आहेत."

त्यांनी पडद्याकडे बघितलंच नाही. काठाकडे बघत म्हणाले, "मासा मध्ये काय करेल? काठाला घे होडी."

"काठाला नाहीयेत, बाबा. मध्येच असतात इथे. लटकून."

"टीव्ही बघून मासे धरतात होय," ते म्हणाले, आणि मागे वळून जावयाकडे बघून हसले. नवराही हसला. त्याला काय कळलं होतं देव जाणे.

जाळी होडीच्या मागच्या बाजूला राहिली होती, ती आणायला मी उठले. होडी चार मीटरची, दोन रॉड, म्हणजे इथल्या गऱ्या, मध्ये आडवे ठेवलेले. मी पाय उचलला आणि बाबा म्हणाले, "थांब. ओलांडू नको. बाजूनं जा."

होडी माझी. रॉड माझे. पहाटे उठून पोहे केले ते मी, आदल्या दिवशी तीन तास गाडी चालवली ती मी, आणि मी पाय अधांतरी धरून उभी. चाळिशी आली तरी सात वर्षांचीच.

"बाजूनं म्हणजे कुठून? पाण्यातून जाऊ?"

"मी आपलं सांगितलं."

मग माझं डोकं फिरलं. मी ओलांडले. जाळी घेतली, परत ओलांडले. आणि गरज नसताना तिसऱ्यांदा मागे जाऊन चौथ्यांदा परत आले, दोन्ही रॉडांवरून, पाय चांगला उंच उचलून. होडी डुगडुगली. नवरा थर्मासातून ओतत होता तो चहा त्याच्या पॅंटवर सांडला. बाबांनी तोंड काठाकडे फिरवलं आणि माकडटोपी खाली ओढली.

पहिल्या फेकीला काही नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या फेकीला काही नाही. मी बारा मोजत होते, मोठ्यानं, त्यांना ऐकू जावं म्हणून. पाचव्या फेकीनंतर बाबा हलक्या आवाजात म्हणाले, "सांगितलं होतं." मला ती डाळभाताची दुपार आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. डोळे पुसून पडद्याकडे बघितलं तर कमानी वर सरकल्या होत्या. ऊन पाण्यावर आलं होतं, मासे पाचवर आले होते, आणि मी शहाणी अजून बारा मोजत त्यांच्या खालून जात होते. आता आठ. एक, दोन, तीन, आठपर्यंत मोजलं, रीळ दोनदा फिरवलं, आणि रॉड असा वाकला की टोक पाण्यात गेलं.

तो मासा मी धरला. पाच मिनिटं लागली असतील. बाबा उठून उभे राहिले होते, मी ओरडून त्यांना खाली बसवलं. मग जाळीत घेतला. हिरवट काळी पाठ, जाड मान, मोठं तोंड. बाबा वाकून बघत राहिले. "जिताड्याचा भाऊ दिसतोय," ते म्हणाले. जिताडा म्हणजे आमच्या खाडीचा राजा. जावई पहिल्यांदा घरी आला की त्याला जिताडा खाऊ घालायची आमच्याकडे हौस, आणि माझ्या लग्नानंतर ती हौस काही फिटली नव्हती, कारण आमचा जावई दोडका मागतो.

मी त्या एका वाक्याची वाट बघत उभी होते. बाबांनी खिशातून फोन काढला, माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "जावईबापूंच्या हातात दे तो. तू फोटो काढ."

आणि मी दिला. हे मला आजही कळत नाही. चार वेळा गरी ओलांडणारी मी, कोळंबी दादाच्या हातात द्यायचे तसा तो मासा मुकाट्यानं नवऱ्याच्या हातात दिला. त्यानं श्वास रोखून, हात लांब करून तो धरला. फोटोत तो हसतोय असं सगळ्यांना वाटतं. तो श्वास रोखून आहे.

इथे धरणातला मोठा बास ठेवायला परवानगी असते, तो आम्ही ठेवला. संध्याकाळी केबिनच्या ओट्यावर बाबांनी स्वतः साफ केला, मी मीठ, हळद, तिखट आणि तांदळाचं पीठ लावून तळला. खाऊन झाल्यावर बाबा बोटं चाटत म्हणाले, "जिताड्याची सर नाही. पण गोड आहे. जावईबापू, तुमच्या हाताला यश आहे." जावईबापू बटाट्याची भाजी खात होते. ते म्हणाले, "बाबा, अहो, तिनं धरला." बाबा म्हणाले, "हो हो, तुम्ही दोघांनी." आणि विषय संपला. तोवर बाबांनी केबिनच्या वायफायवरून फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकलाही होता: ‘जावईबापूंनी ऑस्ट्रेलियात धरलेला मासा.’ खाली काकांचे, चुलतभावांचे अंगठे.

भांडी घासताना मी नवऱ्याला धारेवर धरलं. तू अजून जोरात का नाही बोललास?

"जाऊ दे गं. वय झालंय त्यांचं. आपल्याला माहितीये ना कोणी धरला?"

आपल्याला. मला तो शब्द जन्मात विसरता येणार नाही.

परत येताना गाडी मीच चालवत होते. बाबा मागे बसले होते. तासाभरानं त्यांनी पुढे वाकून नवऱ्याला विचारलं, "जावईबापू, ते मोजायचं काय असतं? बारा म्हणजे कसं?" नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघत सगळं सांगितलं, अर्धा मीटर, डोक्यावरून न्यायचं, खालून नाही, उन्हानं वर येतात ते. बाबा नवऱ्याकडे बघून मान डोलवत होते. "अच्छा," ते त्याला म्हणाले, "भारी युक्ती आहे तुमची."

पुढच्या आठवड्यात जवळच टूनगॅबीला एका मराठी मित्राकडे जेवण होतं. तिथे बाबांनी तो मासा पुन्हा एकदा धरला, हातवारे करून, जावयाच्या हातांनी. आकडे मोजले, रॉड वाकवला, सगळं. मी स्वयंपाकघरात ताटं पुसत होते. लोक नवऱ्याला म्हणत होते, अरे यार, तू छुपा रुस्तम निकला. तो कानकोंडा होऊन पापड खात होता.

परतताना मी गाडी पेट्रोल पंपावर उभी केली, नवरा पैसे द्यायला आत गेला, तेवढ्यात मागे वळून म्हटलं, "बाबा, मासा मी धरला होता."

"मग मी कुठं नाही म्हणतो?"

"लोकांना तुम्ही दुसरंच सांगता."

 ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं बाय, लोक काय म्हणतील? जावई बघत बसला आणि बायको मासे मारते? मी तुझाच मान राखला." त्यांना ते मनापासून वाटत होतं. तेच वाईट. खोटं बोलत असते तर भांडता तरी आलं असतं.

जूनअखेर ते परत गेले. त्यानंतर मी बरेचदा धरणावर गेले, मोठे मासे धरले, फोटो काढले नाहीत. कुणाला पाठवायचे?

परवाच्या रविवारी दुपारी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती, भरती चढत होती. मागे उघाडी दिसत होती, तीच, दारं नवी लोखंडी बसवलेली. बरोबर दादाची मुलगी होती, नऊ वर्षांची. दादा घरी झोपलेला असणार. पोरीच्या हातात गरी होती. मी फोन डोळ्यांजवळ नेला. खरंच तिच्या हातात होती.

ती आमिष आणायला पळत गेली आणि वाटेत बाबांची दुसरी गरी आडवी पडलेली, ती तिनं सरळ ओलांडली.  मी वाट बघत राहिले. बाबा म्हणाले, "जपून गं, गळ टोचेल." बस, एवढंच.

म्हणजे त्या दिवशी होडीत त्यांनी बघितलं होतं. मी चारदा ओलांडली आणि तरी मासा लागला, हे काठाकडे तोंड करून बसलेल्या माणसानं नीट बघितलं होतं, आणि इतकी वर्षं धरून ठेवलेला नियम त्यांनी घरी नेऊन सोडून दिला होता. माझ्यासमोर नाही सोडला. मला सांगितलंही नाही. पोरीसाठी मला बरं वाटलं पाहिजे होतं. वाटलंही असेल, पण आधी जे वाटलं ते चांगलं नव्हतं. मला नऊ वर्षांच्या पोरीचा हेवा वाटला.

"बाय, जरा जावईबापूंना विचार," बाबा म्हणाले. "इथे किती मोजायचं? ते तिकडे बारा म्हणाले होते. इथे बारा मोजलं की गळ गाळात जातो, सकाळपासून दोन तुटले. ही रडकुंडीला आलीय. पाणी फिरायच्या आत सांगा म्हणावं."

नवरा शेजारी ओट्यावर दोडका चिरत होता. त्यानं सुरी थांबवली आणि सवयीनं माझ्याकडे बघितलं.

उघाडीजवळचं पाणी मला पाठ आहे. चार हातांवर बसून दुसरं काय करत होते मी? भरतीला दोन पुरुष, म्हणजे साडेचार मीटरभर पाणी, खाली गाळ, आणि जिताडा दारापाशी मध्यावर येऊन उभा राहतो. मी म्हणू शकले असते, बाबा, मी सांगते. मग ते म्हणाले असते, अगं हो, पण तू त्यांना विचार तर. मग मी ओरडले असते, त्यांनी फोन ठेवला असता, भरती उतरली असती, आणि पोर रिकाम्या हातानं घरी गेली असती. घरी कुणीतरी विचारलं असतं, काय गं, ओलांडलीस की काय.

"चार," मी म्हटलं. आणि मग म्हटलं, "ते म्हणतायत, चार."

"बघ," बाबा तिला म्हणाले, "आतोबांनी सांगितलं, चार." पोरीनं गरी टाकली आणि मोठ्यानं मोजायला लागली. तिला आतोबांना दाखवायचं होतं.

मी फोन नवऱ्याच्या हातात दिला.